गाळाची कमाई

पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ कायम खर्चाच्या बाजूला लिहिला जातो. दरसाल पुराबरोबर माती येते, जलाशयाच्या तळाशी बसते आणि तेवढी पाण्याची जागा जाते. ज्या धरणात गाळ साचला ते धरण थकले, असे आपण धरून चालतो. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर उभा असलेला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा या मापाने केव्हाच थकला आहे. शंभराहून अधिक वर्षे दोन नद्यांनी ओतलेल्या मातीने त्याचा फुगवटा, म्हणजे बंधाऱ्यामागे अडून पसरलेले पाणी, उथळ होत गेला आहे. आणि नेमका हाच उथळ फुगवटा २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. अभियंत्याने तोटा म्हणून मांडलेली रक्कम जीवशास्त्रज्ञाच्या वहीत जमेला कशी आली, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर नीट समजले की एक गोष्ट मान्य करावी लागते: इथला निसर्ग गाळाने आणि कालव्याच्या पाण्याने घडवला आहे, त्यामुळे तो कुंपण घालून टिकणार नाही. पाणी केव्हा चढवायचे, किती सावकाश उतरवायचे आणि नदीतून काय येऊ द्यायचे, हे ठरवले तरच तो टिकेल.

गाळाचा माग काढायचा तर सह्याद्रीपर्यंत जावे लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडून एकावर एक पसरत गेला आणि दख्खनचे पठार तयार झाले. नाशिकचा पश्चिम भाग या थरांचा जणू उघडा छेद आहे. लाव्हाच्या एका थरसमूहाला भूशास्त्रज्ञांनी इगतपुरीचे नाव दिले आहे आणि तो ज्या मोठ्या गटात मोडतो त्याला कळसूबाईचे. हा काळा बेसॉल्ट उन्हापावसाने कुजला की त्यातून अतिशय बारीक, पाणी प्यायले की फुगणारी चिकणमाती तयार होते. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात पायाला लगदा होऊन चिकटणारी काळी जमीन ती हीच. चिकणमातीचा कण एक मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. वाहत्या पाण्यात तो बसतच नाही, पाणी थांबले तरच हळूहळू खाली येतो. इगतपुरीच्या घाटात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतल्या निफाडला त्याचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी, इगतपुरीकडून तिला येऊन मिळणारी दारणा आणि दिंडोरीकडून येणारी कादवा या नद्या घाटातला पाऊस आणि घाटातली माती पूर्वेच्या सपाटीवर आणतात. तिथे उतार मंदावतो, पुढे बंधारा आडवा येतो आणि वाटभर तरंगत आलेली माती अखेर खाली बसते.

हा बंधारा इथे का आला, याच्या मुळाशी दुष्काळ आहे. १८९६-९७ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० च्या, म्हणजे छपन्नच्या, दुष्काळाने दख्खन होरपळून निघाल्यावर ब्रिटिश सरकारने १९०१ साली सिंचन आयोग नेमला आणि गोदावरी कालव्यांच्या योजनेला गती आली. योजनेची मांडणी साधी होती. जिथे पाऊस भरपूर तिथे दारणेवर साठा करायचा, ते पाणी नदीच्या पात्रातूनच खाली आणायचे आणि नांदूर मध्यमेश्वरला अडवून त्याची पातळी एवढी उंच करायची की ते डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव, राहात्याकडे आपसूक वाहत जाईल. बंधाऱ्याचे काम १९०७ नंतरच्या वर्षांत झाले आणि दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. यातला एक मुद्दा सहसा निसटतो. साठवण हे नांदूर मध्यमेश्वरचे मुख्य काम कधीच नव्हते. पाणी कालव्याच्या तोंडापर्यंत उचलून देणे, एवढीच त्याची चाकरी. त्यामुळे तो बुटका आहे, त्याचा फुगवटा मुळातच पसरट आहे आणि बराच गाळ भरूनही तो आपले काम करत राहिला. खोल धरण गाळाने भरले असते तर निरुपयोगी ठरले असते. हा बंधारा मात्र उथळ होत गेला तरी कालवे वाहते राहिले. शतकभराची ही सवलत निसर्गाला मिळाली नसती तर पुढचे काहीच घडले नसते.

उथळपणात एवढे काय आहे, हे पक्ष्यांच्या चोचीच सांगतात. सपाट फावड्यासारख्या चोचीचा थापट्या पाण्याचा वरचा थर गाळून त्यातले किडे-बिया टिपतो. चमच्या अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. तलवार बदक शेपटी आभाळाकडे करून मान बुडवते आणि तळाशी पोहोचेल तेवढेच खाते, म्हणजे त्याचे ताट वीतभर, फार तर हातभर पाण्याखालीच वाढलेले हवे. शेकाट्याच्या काड्यांसारख्या तांबूस पायांना त्याहून कमी पाणी लागते, कमळपक्षी लांबलचक बोटांनी पानांवरून चालतो, तर बुडी मारणारा वारकरी थोड्या खोल पाण्यातही निभावतो. पाण्याची खोली काही सेंटिमीटरने बदलली की एका पक्ष्याची पंगत उठते आणि दुसऱ्याची बसते. त्यात भर गाळाची. मातीच्या बारीक कणांना स्फुरदासारखी पोषकद्रव्ये चिकटून येतात. पाणी उथळ असल्याने सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, म्हणून पाणवनस्पती उगवतात. त्या कुजून चिखलात अळ्या, गांडूळवर्गीय किडे आणि गोगलगायी पोसतात आणि त्यांच्यावर मासे व पक्षी जगतात. खोल धरणाच्या मध्यभागी हीच माती अंधारात पडून राहते, तिच्यावर वनस्पती रुजत नाही. निफाडच्या कोरड्या शिवारात हिवाळी पाहुण्यांची एवढी गर्दी का जमते, त्याचे उत्तर या तळाच्या चिखलात आहे. तिबेट, लडाख, मंगोलियाकडे वीण करणारे पट्टकदंब हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्याही वर गेल्याच्या नोंदी उपग्रहमागोव्यातून मिळाल्या आहेत. एवढा खर्च करून येणाऱ्या पक्ष्याला पोटापुरते खात्रीने मिळेल अशीच जागा परवडते.

मात्र नुसता उथळ तलाव एवढे देऊ शकत नाही. पातळी वर्षभर एकसारखी राहिली तर काठाला पाणकणसाची दाटी होते आणि चिखल कायमचा झाकला जातो. नांदूर मध्यमेश्वरला तसे होत नाही, कारण इथे पाणी श्वास घेतल्यासारखे वर-खाली होत असते. पावसाळ्यात नद्या फुगतात. हिवाळ्यात वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे सिंचनासाठीची पाण्याची पाळी, सुटले की फुगवटा चढतो, कालव्याने पाणी ओढून नेले की उतरतो. उतरताना काठाची जी ओली पट्टी उघडी पडते ती चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांसाठी ताजे वाढलेले पान असते, आणि काही दिवसांनी तिच्यावर उगवणारे कोवळे गवत हंस-बदकांचे. रब्बीच्या गव्हा-कांद्यासाठी आखलेले वेळापत्रक असे नकळत पक्ष्यांचे पंचांग बनले. पाटबंधारे खात्याने हे ठरवून केले नाही आणि पक्ष्यांनी त्याला विचारलेले नाही. दोन व्यवहार शेजारी शेजारी चालू आहेत, एवढेच. धोकाही तिथेच आहे. जी गोष्ट योगायोगाने जुळली, ती वेळापत्रकातल्या एखाद्या बदलाने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, बिघडू शकते.

१९८६ साली सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. रामसर स्थळाची हद्द त्यामानाने लहान, १,४३७ हेक्टरांची आहे. रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ प्रजातींचा आणि गिधाडे, बिबट्या, चंदन यांचा उल्लेख आहे. याहून लोकप्रिय मात्र एक उपाधी आहे: ‘महाराष्ट्राचे भरतपूर’. तिचे श्रेय पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांना दिले जाते आणि ती कौतुकाने मिरवली जाते. पण तुलना करायचीच तर ती पुरती करावी. राजस्थानातले भरतपूरचे पक्षी-उद्यानही माणसाने घडवलेले आहे. अठराव्या शतकात सूरजमल राजाच्या काळी बांधलेल्या अजान बांधाच्या पाण्यावर ते पोसले गेले. १९८१ मध्ये ते रामसर यादीत गेले, १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरले. दरम्यान राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथे गुरे चारण्यावर बंदी आली. निसर्गाला मोकळे सोडले की तो बहरेल, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी त्या दशकात केलेल्या दीर्घ अभ्यासात वेगळेच आढळले. म्हशी गेल्यावर पास्पॅलम नावाचे पाणगवत बेसुमार वाढले, मोकळे पाणी झाकले गेले आणि पक्ष्यांची जागा आक्रसली. १९९० मध्ये भरतपूरची नोंद संकटातल्या रामसर स्थळांच्या यादीत झाली. पुढे गंभीर नदीवरच्या पांचना धरणातून पाणी येईनासे झाल्यावर तर तळीच कोरडी पडली. माणसाने घडवलेल्या पाणथळीतून माणूस बाजूला झाला की ती पूर्वीच्या अवस्थेत जात नाही, तिसऱ्याच अवस्थेत जाते. आणि तिचे नशीब तिच्या हद्दीत नसून वरच्या धरणात असते. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ या बिरुदात कौतुकाइतकाच हा इशाराही आहे.

यावर पहिली हरकत तत्त्वाची आहे. जे मुळात नव्हतेच, एका बंधाऱ्याची उपज म्हणून आले, त्याला निसर्ग म्हणून जपायचे का? ही हरकत अगदीच पोकळ नाही. आपल्या कायद्यातही ती डोकावते. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. नांदूर मध्यमेश्वरला अभयारण्याचे आणि रामसरचे छत्र आहे म्हणून ते वाचले. शिवाय या जमाखर्चात नावे टाकण्यासारखी रक्कमही आहे. देवळालीजवळ दारणेत सापडलेल्या आणि १९३८ मध्ये वर्णन झालेल्या एका लहानशा माशाला इंग्रजीत देवळालीचेच नाव आहे. डोंगरी ओढ्यांच्या खळाळत्या पाण्यात दगडगोट्यांच्या आधाराने राहणाऱ्या गटातला हा मासा आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. धरणे बांधली की वाहते पाणी थांबते आणि खडकाळ तळ गाळाने झाकला जातो. अशा जिवांच्या दृष्टीने ती बदकांची पर्वणी नसून घराची मोडतोड आहे. म्हणून मानवनिर्मित पाणथळ ही निसर्गाला दिलेली देणगी आहे, असे छातीठोक म्हणता येणार नाही. पण यातून जे निघते ते हरकतीच्या उलट आहे. गोदावरीच्या खोऱ्यातली नैसर्गिक वळणे, डोह, पूरमैदाने शेतीने आणि धरणांनी आधीच व्यापली आहेत. जे उरले त्यातला मोठा भाग असा जोडउत्पादन म्हणून उरला आहे. मूळ गेले म्हणून पर्यायही घालवणे हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही. स्थलांतरित पक्षी जागेचे वय विचारत नाही, तो पाणी किती खोल आहे ते पाहतो.

दुसरी हरकत अधिक तातडीची आणि अधिक न्याय्य आहे. गोदावरीला पूर आला की सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर या गावांच्या अजून डोळ्यांसमोर आहेत. बंधाऱ्यात गाळ आहे म्हणून पाणी मागे फुगते, तेव्हा गाळ काढा, ही मागणी त्यातून येते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ पासूनची योजना लहान तलावांत उपयोगी पडली आहे, मग इथे का नको? इथे थोडे अंकगणित करून पाहावे. रामसर हद्दीच्या सगळ्या १,४३७ हेक्टरांवरून एक मीटर जाडीचा गाळ उचलला असे समजू. तो भरेल १ कोटी ४३ लाख ७० हजार घनमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा अब्ज घनफूट. दहा घनमीटर नेणाऱ्या डंपरच्या त्या चौदा लाखांहून अधिक खेपा होतात. एवढा खटाटोप करून जी पोकळी मिळेल ती एक लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफुटांचा, पूर किती वेळात भरून काढील? सुमारे पंच्याऐंशी मिनिटांत. तेही फुगवटा अगोदर रिकामा असेल तर, आणि भर पावसाळ्यात तो रिकामा नसतो. म्हणजे साठवणीच्या भागातला सरसकट गाळ उपसून पूर अडणार नाही. पूर कमी-जास्त होतो तो वरच्या धरणांतून पाणी केव्हा सोडले, बंधाऱ्याचे दरवाजे केव्हा उघडले आणि गावांजवळचे नदीपात्र किती मोकळे आहे यावर. पात्राच्या मुख्य धारेत बेटे झाली असतील, बेशरम आणि वेड्या बाभळीने वाट अडवली असेल तर तेवढी ठिकाणे मोजमाप करून मोकळी करणे योग्यच आहे. त्याने गावांनाही दिलासा मिळेल आणि पाणथळीलाही धक्का बसणार नाही. नदीची वाट मोकळी करणे आणि पाणथळीचा तळ खरवडणे या दोन कामांना एकच नाव दिले गेल्यामुळे शेतकरी आणि पक्षीप्रेमी उगाच समोरासमोर उभे राहतात.

तिसरा मुद्दा वरून येणाऱ्या पाण्याच्या दर्जाचा. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या घरात होती, आणि शहरातून निघालेली गोदावरी पुढे याच फुगवट्यात थांबते. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतात. तीच जर पाणवनस्पतींची खते, तर थोडे सांडपाणी आले म्हणून बिघडले कुठे, असे कोणी विचारू शकेल. याचे उत्तर उथळ तलावांच्या अभ्यासातून मिळते. नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की उथळ तलाव दोन स्थिर अवस्थांत राहू शकतो. एकीत पाणी नितळ असते आणि तळाशी वनस्पती असतात, दुसरीत पाणी गढूळ असते आणि शैवालाचे राज्य असते. पोषकद्रव्ये वाढत गेली तरी नितळ अवस्था बराच काळ तग धरते आणि मग एका मर्यादेपलीकडे एकदम कोसळते. परत यायचे तर पोषकद्रव्ये त्या मर्यादेच्याही पुष्कळ खाली आणावी लागतात. म्हणजे आज पक्षी दिसत आहेत म्हणून पाणी ठीक आहे, हा निष्कर्ष धोक्याचा. आपल्याकडे यात आणखी भर जलपर्णीची. दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आलेली ही वनस्पती पोषक पाण्यात साधारण पंधरवड्यात दुप्पट होते. ती पसरली की खाली प्रकाश जात नाही, प्राणवायू घटतो आणि वर सांगितलेली अन्नसाखळी पहिल्याच कडीला तुटते. जलपर्णीवर कमळपक्षी आणि पाणकोंबड्या वावरतात हे खरे, पण दोन-चार जातींची सोय ही साऱ्या पंगतीची भरपाई होत नाही. दरवर्षी मजूर आणि यंत्रे लावून ती काढणे आवश्यक आहे. तरी तो गळक्या नळाखाली बादली ठेवण्याचा प्रकार आहे, नळ शहरात आहे. कुंभमेळ्याच्या निमित्ताने गोदावरी स्वच्छ करण्याची चर्चा होते तेव्हा ती नाशिकच्या रामकुंडाशी थांबते. तिचा खरा निकाल खाली निफाडच्या चिखलात लागतो.

उरतो प्रश्न पाणी कोणाचे हा. वर नाशिक शहर आणि द्राक्षबागा, खाली कोपरगाव-राहात्याचे कालवे आणि वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलदगती कालवा, त्याहून खाली जायकवाडी धरण. २०१४ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ऊर्ध्व गोदावरीतल्या समन्यायी वाटपाचा निर्णय दिला, तरी दर तुटीच्या वर्षी हा वाद उफाळतोच. इतक्या तहानलेल्या खोऱ्यात पक्ष्यांसाठी आणखी एक वाटेकरी कशाला, ही हरकत समजण्यासारखी आहे. पण पाणथळीची मागणी मुळात वाट्याची नाही, वेळेची आहे. जे पाणी कालव्यांत जाणारच आहे ते फुगवट्यातून एकदम ओढण्याऐवजी सावकाश उतरवले, पक्षी मुक्कामाला असलेल्या नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत पातळी एका ठरावीक पट्ट्यात हलती ठेवली, तर शेतकऱ्याचे पाणी फारसे कमी होत नाही. त्यासाठी लागते ती माहिती: दर उन्हाळ्यात तळाच्या खोलीचा नकाशा, रोजच्या पातळीची नोंद आणि दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेचे आकडे त्या दिवशीच्या पातळीशेजारी मांडून पाहण्याची सवय. गणना १९८७ पासून होते, पातळी पाटबंधारे खाते मोजतेच. या दोन वह्या एकत्र ठेवल्या की कोणत्या पातळीला कोणते पक्षी टिकतात हे अंदाजाने सांगायची वेळ राहणार नाही. आवर्तने कालवा सल्लागार समितीत ठरतात. तिथे धरणातला साठा, उभी पिके आणि पिण्याचे पाणी यांचे आकडे मांडले जातात. त्या कागदावर आणखी एक ओळ वाढवावी लागेल, फुगवट्याच्या पातळीची. शंभर वर्षे गाळ नकळत जमेला पडत राहिला. पुढची कमाई मात्र तशी आपोआप होणार नाही, तिची नोंद त्या बैठकीच्या कागदावर कोणाला तरी हाताने करावी लागेल.